अडीच सीसीची विद्या

तळहातावर मावणारं एक इंजिन. त्याला स्पार्क प्लग नाही, पिस्टनला रिंगा नाहीत, ऑइलची वेगळी टाकी नाही, रेडिएटर नाही. तरीही ते मिनिटाला तीस हजारांहून जास्त फेरे घेतं आणि चार किलोचा ट्रक मातीच्या उंचवट्यावरून सहज हवेत उडवतं. नायट्रो इंधनावर चालणारा आणि रेडिओ रिमोटने हाकायचा हा ट्रक लांबून बघणाऱ्याला खेळणं वाटतो. एकदा त्याचं इंजिन खोलून बसवलं, तो घेऊन मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत उतरलं, की कळतं की मोठ्या मोटारीत जे जे असतं ते जवळपास सगळं इथे आहे: कार्बोरेटर, क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, शॉक अॅब्सॉर्बर, डिस्क ब्रेक. फरक एवढाच की इथलं प्रत्येक काम माणसाला स्वतःच्या हाताने करावं लागतं.

मी राहतो त्या उत्तर टेक्ससमध्ये हा छंद मुरलेला आहे. डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी अशी गावं एकमेकांना लागून आहेत. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबं या पट्ट्यात पुष्कळ. याच पट्ट्यात ट्रॅक्सस या कंपनीचं घर आहे. आधी प्लेनोत, आता मॅकिनीत. नायट्रो ट्रक घराघरांत पोचवण्याचं मोठं श्रेय या कंपनीला जातं.

१९९९ चा तो ट्रक

नायट्रोवर चालणाऱ्या छोट्या गाड्या त्याआधीही होत्या. अमेरिकेत अशा शर्यतींचे नियम ठरवणारी ‘रोअर’ ही संघटना १९६७ सालची. पण त्या गाड्या मुख्यतः शर्यतवाल्यांच्या. सुटे भाग आणून जोडायच्या, चालू करायला स्टार्टरची वेगळी पेटी बाळगायची, आणि रिव्हर्स नाही. गाडी कुंपणाला जाऊन टेकली की पायी जाऊन उचलून आणायची.

१९९९ मध्ये ट्रॅक्ससने टी-मॅक्स हा ट्रक आणला. अडीच सीसीचं इंजिन, चारही चाकांना जोर, दोन गिअर, रिव्हर्स, हातातल्या स्टार्टरचं बटण दाबून चालू होण्याची सोय, आणि प्रत्येक चाकाला दोन याप्रमाणे आठ शॉक अॅब्सॉर्बर. तोही कारखान्यातून जोडून आलेला. दगडधोंड्यांतून, गवतातून, चिखलातून कुठेही जाणारा असा ट्रक आला आणि शर्यतीशी काही संबंध नसलेली माणसं या छंदाकडे वळली. मग स्पर्धाही पेटली. २००२ मध्ये एचपीआयचा सॅव्हेज साडेतीन सीसीचं इंजिन घेऊन उतरला. २००४ मध्ये टीम लोसीचा एलएसटी आला आणि ट्रॅक्ससनेच रेव्हो आणला. रेव्होचे शॉक चाकांजवळ उभे नसून चासीवर आडवे बसवलेले होते आणि दांड्यांनी चाकांना जोडलेले होते.

या ट्रकांच्या मागोमाग दुसरा एक धंदा उभा राहिला, तो म्हणजे त्यांना मजबूत करणारे सुटे भाग विकणाऱ्यांचा. जोडून मिळालेला ट्रक घ्यायचा आणि मग तो हळूहळू खोलत, बदलत, सुधारत न्यायचा, ही या छंदाची खरी रीत तेव्हापासून पडली.

पेट्रोल नव्हे, ठिणगी नव्हे

या इंजिनाचं इंधन तीन गोष्टींचं: मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. ट्रकच्या इंधनात नायट्रोमिथेन साधारण २० ते ३० टक्के असतं. तेल दहा ते अठरा टक्क्यांच्या आसपास, बहुधा एरंडेल आणि कृत्रिम तेल यांचं मिश्रण. उरलेलं मिथेनॉल.

नायट्रोमिथेनने जोर का वाढतो, याचं उत्तर त्याच्या रेणूत आहे. त्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४ किलो पुरते. नायट्रोमिथेनला फक्त १.७ किलो. म्हणजे इंजिनाने एका श्वासात जेवढी हवा ओढली, तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं.

आणि हे इंधन पेटतं कशाने? ग्लो प्लगने. या प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचं बारीकसं वेटोळं असतं. चालू करताना दीड व्होल्टच्या आसपासच्या बॅटरीने ते तापवायचं. इंजिन चालू झालं की बॅटरी काढून घ्यायची. पुढे प्रत्येक स्फोटाची उष्णता आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची होणारी अभिक्रिया, या दोन्हींमुळे तार लाल राहते. रे आर्डेन या अमेरिकी संशोधकाने १९४७ च्या सुमारास हा प्लग मॉडेल इंजिनांसाठी बाजारात आणला आणि छोट्या इंजिनावरचं कॉइल-बॅटरीचं ओझं गेलं.

पिस्टनला रिंगा का नाहीत, हेही समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक नायट्रो इंजिनांत पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि तो ज्या नळीत वरखाली सरकतो ती पितळेची, आतून क्रोमचा मुलामा दिलेली. नळी वर किंचित निमुळती असते. थंड असताना पिस्टन अगदी वर आला की घट्ट अडकतो. इंजिन तापलं की पितळ पसरतं आणि दोघांत हवा तेवढाच सैलपणा येतो. म्हणून हे इंजिन थंड चालवणं हेही तापवून चालवण्याइतकंच वाईट. नवं इंजिन सवयीचं करताना ते चालण्याच्या तापमानापर्यंत नेतात, बंद करतात, थंड होऊ देतात, पुन्हा चालू करतात. बंद केल्यावर फ्लायव्हील फिरवून पिस्टन तळाशी आणून ठेवतात, म्हणजे थंड होताना आकसणारी नळी त्याला आवळत नाही.

खोलणं

माझ्याकडे आलेला ट्रक टी-मॅक्सच्या पहिल्या पिढीतला. कुणाच्या तरी गॅरेजात वर्षानुवर्षं पडून होता. टाकीत इंधन तसंच राहिलेलं, चासीवर धूळ आणि तेलाचा काळा थर, फ्लायव्हील जागचं हलत नव्हतं.

जाम झालेल्या इंजिनावर जोर करायचा नाही, हा पहिला धडा. बहुतेकदा पिस्टन गंजाने धरलेला नसतो. वाळून डिंकासारखं झालेलं एरंडेल त्याला धरून ठेवतं. हीट गनने बाहेरून ऊब दिली की ते सैल होतं. काळं पडलेलं अॅल्युमिनियम पुन्हा उजळवण्याचा इथला एक जुना उपाय म्हणजे सुटे केलेले धातूचे भाग विजेच्या मंद आचेच्या भांड्यात रेडिएटरच्या कूलंटमध्ये तासन्‌तास ठेवायचे. कूलंट विषारी असतं, त्यामुळे हे काम घराबाहेर करायचं आणि ते भांडं पुन्हा कधीही स्वयंपाकघरात न्यायचं नाही.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात इंजिनं खोलणारे हात लहानपणापासून बघितलेले. तिथली शिस्त इथेही तंतोतंत लागू पडते: खोलण्याआधी पुसायचं, काढलेला स्क्रू ज्या भागाचा त्या भागाजवळच ठेवायचा, आणि एकही भाग ‘ठीकच असेल’ म्हणून न तपासता परत बसवायचा नाही.

तपासायचं काय? आधी बेअरिंगं. क्रँकशाफ्टला पुढे एक आणि मागे एक बेअरिंग असतं. मागचं गंजलं की त्याचे कण थेट पिस्टनकडे जातात. ती बदलताना ठोकाठोकी करायची नाही. क्रँककेस ओव्हनमध्ये तापवली की अॅल्युमिनियम बेअरिंगच्या पोलादापेक्षा जास्त पसरतं आणि बेअरिंग जवळजवळ आपोआप निसटतं. नवं बसवतानाही तसंच. त्यानंतर कनेक्टिंग रॉड. त्याच्या खालच्या डोळ्यात ब्राँझचा बुश असतो. क्रँकच्या पिनवर त्याला वरखाली प्ले जाणवला तर रॉड बदलायचा. हा भाग स्वस्त आहे, पण तो तुटला तर पिस्टन, नळी, क्रँककेस सगळं घेऊन जातो. मग पिस्टन आणि नळीची पकड. थंड इंजिनात पिस्टन वरच्या टोकाशी अडकतच नसेल, तर दाब गेला म्हणून समजायचं.

सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे हवेची गळती. कार्बोरेटरच्या मुळाशी असलेली ओ-रिंग, मागच्या झाकणाची गॅस्केट, टाकीच्या झाकणाचं सील, इंधनाची नळी, यांपैकी कुठूनही हवा आत शिरली की इंजिन एका मिनिटाला नीट चालतं आणि दुसऱ्या मिनिटाला भरकटतं. माणूस कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसतो आणि दोष भलतीकडेच असतो. म्हणून जुन्या इंजिनाच्या सगळ्या रबरी गोष्टी सरळ नव्या घालाव्यात आणि जोडांवर उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनचा पातळ थर द्यावा. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं थ्रेडलॉक लावायचं, कारण एवढ्या कंपनात कोरडा स्क्रू टिकत नाही. क्लचबेल आणि मोठ्या गिअरचे दात जुळवताना मध्ये कागदाची पट्टी ठेवून आवळायचं आणि मग पट्टी काढून घ्यायची. तेवढी फट बरोबर.

सुधारणा म्हणजे काय

नवशिक्याला सगळ्यांत आधी भुरळ पडते ती चकचकीत अॅल्युमिनियमच्या भागांची आणि मोठ्या इंजिनाची. टी-मॅक्समध्ये साडेतीन सीसीचं इंजिन बसवायचा नाद एके काळी फार होता, त्यासाठी तयार संच मिळायचे. पण जोर वाढला की तो कुठेतरी जाऊन आदळतो. इंजिन मोठं केलं की गिअरबॉक्स बोलायला लागतो. गिअरबॉक्स मजबूत केला की डिफरन्शियलचे दात जातात. तेही पोलादी केले की अॅक्सल पिळतात. सुधारणेचं सगळं शास्त्र या साखळीत आहे. एक कडी बळकट केली तर पुढची कोणती तुटणार, हे आधी सांगता आलं पाहिजे.

चाकांच्या आर्म्सचंच बघा. अॅल्युमिनियमचा आर्म हातात घेतला की भक्कम वाटतो, पण दगडावर आदळला की वाकतो आणि वाकलेलाच राहतो. किंवा स्वतः न वाकता सगळा धक्का आतल्या बल्कहेडला देतो आणि ते तुटतं. नायलॉनचा आर्म धक्का बसला की झुकतो आणि परत जागेवर येतो. कॅलिफोर्नियातली आरपीएम ही कंपनी अशाच नायलॉनच्या आर्म्ससाठी ओळखली जाते आणि ट्रकवाल्यांमध्ये तिचं नाव आदराने घेतलं जातं. भाग कुठे ताठ हवा आणि कुठे लवचीक हवा, हे कळणं ही या छंदातली मोठी समज आहे.

पैसे कुठे घालावेत, याचा माझा क्रम ठरलेला आहे. पहिला एअर फिल्टर. टेक्ससची कोरडी बारीक धूळ एका दिवसात पिस्टन घासून टाकते, म्हणून तेलात भिजवलेला दुहेरी फोम हवाच, आणि तो वरचेवर धुवायला हवा. दुसऱ्या क्रमांकावर स्टिअरिंगचा सर्व्हो आणि २.४ गिगाहर्ट्‌झचा रेडिओ. जुने रेडिओ २७ किंवा ७५ मेगाहर्ट्‌झवर चालत, क्रिस्टल बदलून चॅनल बदलावा लागे, आणि दोघांचा चॅनल एक झाला की गाडी भलत्याच्या हाती जाई. नव्या रेडिओत ही भानगड नाही, शिवाय सिग्नल तुटला की ब्रेक लावणारी फेलसेफची सोय असते. चार किलोचा ट्रक ताशी साठ किलोमीटरने सुटला तर माणसाचं हाड मोडू शकतो, त्यामुळे ही सोय ऐच्छिक मानू नये. तिसऱ्या क्रमांकावर सगळी बेअरिंगं आणि क्लच. त्यानंतर शॉकमधलं तेल आणि डिफरन्शियलमधलं सिलिकॉन. मोठं इंजिन या यादीत सगळ्यांत शेवटी.

कान आणि डोळा

कार्बोरेटरवर तीन स्क्रू असतात: वरच्या वेगाची सुई, खालच्या वेगाची सुई आणि आयडलचा स्क्रू. सुई आत घेतली की इंधन कमी होतं, मिश्रण कोरडं होतं, इंजिन तल्लख होतं. बाहेर काढली की मिश्रण ओलं, इंजिन सुस्त. पण यात एक जीवघेणा मुद्दा आहे. तेल इंधनातच मिसळलेलं असल्यामुळे मिश्रण कोरडं केलं की थंडावा आणि वंगण दोन्ही एकाच वेळी कमी होतात. सगळ्यांत जास्त वेग मिळतो तो नाशाच्या अगदी अलीकडच्या रेषेवर. शहाणा माणूस त्या रेषेच्या थोडा मागे थांबतो.

हे ओळखायचं कसं? ट्रक पूर्ण वेगाने समोरून जाताना सायलेन्सरमधून निळसर धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. आवाज चढत जाऊन स्वच्छ सुरावर थांबला पाहिजे, मध्येच दबता कामा नये. इंधनाची नळी चिमटीत धरली तर वेग क्षणभर वाढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडायला हवं. लगेच पडलं तर मिश्रण कोरडं, फार वेळ चढतच राहिलं तर ओलं. प्लगभोवतीचं तापमान बहुतेक इंजिनांत १०५ ते १२५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहतं. थर्मामीटर आधाराला असावा, निर्णय मात्र धुरावरून आणि आवाजावरून घ्यावा. सकाळी लावलेलं इंजिन दुपारी तसंच राहत नाही, हवा तापली की पातळ होते. तंबोरा मैफलीत पुन्हापुन्हा लावून घ्यावा लागतो, तसं इथेही दिवसभर चालतं.

शर्यत

टी-मॅक्ससारख्या मॉन्स्टर ट्रकचे वेगळे गट आता थोड्याच क्लबांत दिसतात. गंभीर शर्यत चालते ती एक-अष्टमांश आकाराच्या बगींची आणि त्यांच्याच चासीवर बेतलेल्या ट्रगींची. या शर्यतींची जागतिक संघटना म्हणजे इफमार. एक-अष्टमांश ऑफ-रोडची पहिली जागतिक स्पर्धा १९८६ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे झाली. इंजिन ३.५ सीसीपेक्षा मोठं चालत नाही, बगीची टाकी १२५ सीसीपेक्षा मोठी चालत नाही, आणि जागतिक अंतिम फेरी तासभराची असते. १२५ सीसीची टाकी तेवढी टिकत नाही, म्हणून साधारण दर सात ते दहा मिनिटांनी पिटमध्ये यावं लागतं. पिटमधला माणूस गाडी उचलतो, बाटलीने टाकी भरतो, सोडतो. दोन-तीन सेकंदांचं काम. तिथे झाकण नीट लागलं नाही की कित्येक महिन्यांची मेहनत गेली.

चालवणारे सगळे उंच मंचावर एका ओळीत उभे असतात. प्रत्येक गाडीत ट्रान्सपॉन्डर असतो आणि ट्रॅकखाली पुरलेली तार फेऱ्या मोजते. गाडी उलटली तर वळणावरचा मार्शल ती सरळ करतो. हा मार्शल म्हणजे आधीच्या शर्यतीत धावलेला खेळाडूच. आपली शर्यत संपली की पुढच्यांच्या गाड्या उचलायला उभं राहायचं, हा सगळीकडचा नियम. विजेता असो वा शेवटचा, सुटका नाही. मला या खेळातली ही प्रथा फार मोलाची वाटते.

२०१६ मध्ये लास व्हेगासला स्वीडनच्या डेव्हिड रोनेफाल्कने विश्वविजेतेपद मिळवलं. २०१८ मध्ये पर्थला आणि पुढे २०२२ मध्ये स्पेनमधल्या रेदोवानला इटलीचा दाविदे ओंगारो जिंकला. तासाभराच्या अशा अंतिम फेरीत सर्वाधिक वेगाच्या एका फेरीने काही साधत नाही. इंजिन एकदा बंद पडलं की उचलून पिटमध्ये न्यायचं, पुन्हा चालू करायचं. तोवर दोन-तीन फेऱ्या गेलेल्या असतात. क्लब पातळीवर तर हे आणखी स्पष्ट दिसतं. सुरुवातीला पुढे असणाऱ्या गाड्यांपैकी अर्ध्या शेवटपर्यंत पोचत नाहीत. कुणाचा स्क्रू निसटतो, कुणाचा प्लग जातो, कुणाचं इंधन संपतं. निकाल बराचसा आदल्या रात्री टेबलावर लागलेला असतो.

शर्यत संपली तरी काम संपत नाही. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि नायट्रोच्या ज्वलनातून आम्लयुक्त अवशेष राहतात. टाकी रिकामी करून, इंजिनात उरलेलं इंधन जाळून, आफ्टर-रन ऑइलचे थेंब सोडून फ्लायव्हील फिरवायचं. हे टाळलं तर बेअरिंग गंजायला फार वेळ लागत नाही.

नायट्रोचं पुढे काय

खरं सांगायचं तर नायट्रोचे दिवस ओसरत चालले आहेत. ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी आल्यापासून विजेवरचे ट्रक जास्त वेगवान, शांत आणि स्वच्छ झाले. युरोपीय संघात तर स्फोटकांसाठी वापर होऊ नये म्हणून २०२१ पासून सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय १६ टक्क्यांपेक्षा जास्त नायट्रोमिथेन असलेलं इंधन विकत घेता येत नाही. आवाजाच्या तक्रारींमुळे गावाजवळचे ट्रॅक बंद पडतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाने तर अधिक जपून असावं. मिथेनॉल हे विष आहे. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीला मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. त्याची विक्री आणि साठा यांवर विषविषयक नियमांचं नियंत्रण आहे, आणि ते योग्यच आहे. हे इंधन विमानाच्या सामानातून आणता येत नाही. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. घरी मिश्रण करण्याचा विचारही करू नये. कायदेशीर मार्गाने तयार इंधन मिळत नसेल तर नायट्रोचा नाद सोडून द्यावा.

पण या छंदाचा गाभा इंधनात नाही. विजेवरच्या ट्रकलाही डिफरन्शियल असतं, शॉक असतात, बेअरिंगं असतात, आणि तिथेही जोर साखळीच्या एका कडीवरून दुसरीकडे तसाच सरकतो. ज्या मुलाने आपल्या हाताने डिफरन्शियल खोलून त्यात जाड-पातळ सिलिकॉन भरून बघितलं, त्याला वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या वेगाने का फिरतं, हे पाठ करावं लागत नाही. तुटलेला भाग बघून धक्का कुठून आला हे ज्याला सांगता येतं, त्याला यंत्रशास्त्राचं निम्मं मर्म कळलं. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या पदव्या घेणारी मुलं पुष्कळ आहेत. पाना हातात न धरता पदवी घेणारीही पुष्कळ आहेत. ही दरी कमी करण्याची ताकद या छंदात आहे, म्हणून मी त्याच्याकडे इतक्या गांभीर्याने बघतो.

तेव्हा घरातल्या मुलासाठी किंवा स्वतःसाठी असा ट्रक घ्यायचा असेल, तर सुरुवात विजेवरच्या ट्रकने करा, आणि शक्य असेल तर जोडून आलेला न घेता सुट्या भागांचा संच घ्या. तो संच मुलाच्या हातात द्या आणि स्वतः शेजारी बसा. पहिला भाग तुटला की लगेच मोठा, महागडा भाग मागवू नका. आधी तो का तुटला ते दोघं मिळून शोधा, आणि मगच दुकानात जा.